पलंग उभा राहतो तो हिशेबावर

भिंतीत मिटणारा पलंग करून घ्यायचा असेल, तर सुताराला बोलावण्याआधी वजनकाटा आणावा. प्लाय कोणता, लॅमिनेट कुठल्या रंगाचं, हँडल पितळी की स्टीलचं, यावर घरात भरपूर खल होतो. पण पलंग एका हाताने उचलला जाईल की दोघांनी मिळून रेटावा लागेल, हे त्यांपैकी कशावरच ठरत नाही. गादीसकट पलंगाचं वजन किती आणि ते बिजागरीपासून किती लांब, या दोन आकड्यांवर ते ठरतं.

खोली लहान आणि पलंग मोठा, ही अडचण जुनी आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सारा गुड यांनी १८८५ मध्ये एका पलंगाचं पेटंट मिळवलं. तो मिटला की लिहिण्याचं टेबल होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फी यांनी पलंग उभा करून थेट कपाटात नेला. त्यांचं नाव या पलंगाला इतकं चिकटलं, की १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘मर्फी बेड’ हे सर्वसामान्य नाव झाल्याचा निर्वाळा दिला. चार्ली चॅप्लिनच्या १९१६ च्या ‘वन ए. एम.’ या मूकपटात असाच पलंग त्याला झोपू देत नाही. पडद्यावर तो विनोद आहे. घरात मात्र पलंगाने असं वागू नये, यासाठी हिशेब लागतो.

साठ किलोंचं गणित

साडेसहा बाय पाच फुटांचा पलंग घेऊ. चौकट आणि फळी मिळून ४२ किलो, सहा इंची फोमची गादी १८ किलो, एकूण ६०. बिजागरी डोक्याकडे, जमिनीलगत. पलंगाची लांबी साधारण दोन मीटर, म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून एक मीटरवर. पलंग आडवा असताना ६० किलोंचं हे वजन बिजागरीभोवती सुमारे ५८८ न्यूटन-मीटरचा पीळ निर्माण करतं. पायाकडची कड धरून उचलायला गेलं, तर हाताला ३० किलो जाणवतात. पलंग वर जाऊ लागला की ओझं उतरत जातं: ६० अंशांवर निम्मं, आणि सरळ उभा राहिल्यावर शून्य. अवघड भाग हाच आहे. आधार द्यायचा तोही कोनाबरोबर बदलणारा हवा.

रेल्वे फाटकाच्या दांड्याला आखूड टोकाकडे जड वजन लावलेलं असतं, त्यामुळे तो कुठल्याही कोनात तोललेला राहतो. पलंगाला तसंच करायचं म्हटलं, तर बिजागरीमागे वीस सेंटिमीटरवर ३०० किलोंचं वजन टांगावं लागेल. ते शक्य नाही, म्हणून स्प्रिंग आली. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी जोरात ओढते, हा रॉबर्ट हूक यांचा सतराव्या शतकातला नियम. पलंग खाली येताना स्प्रिंग ताणली जाते. जिथे ओझं जास्त, तिथे ओढही जास्त. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम केलेल्या जॉर्ज कार्वर्डाइन यांनी १९३२ मध्ये याच जातीच्या तोलातून अँगलपॉइज दिवा घडवला, जो हवा तिथे थांबतो.

गॅसची नळी

आज बहुतेक ठिकाणी स्प्रिंगच्या जागी गॅस स्ट्रट दिसतात. बाजारात त्यांना सरसकट हायड्रोलिक म्हणतात, पण उचलण्याचं काम तेल करत नाही. ते नळीत कोंबलेला नायट्रोजन करतो. एक हजार न्यूटनच्या स्ट्रटची दांडी दहा मिलिमीटरची असेल, तर आतला दाब वातावरणाच्या सुमारे सव्वाशेपट असतो. म्हणून ही नळी कधीही कापू, भोसकू किंवा तापवू नये. आतल्या दट्ट्याला बारीक भोक असतं. त्यातून गॅस हळूहळू सरकतो आणि पलंग धाडकन आदळत नाही. साध्या स्प्रिंगला हा संयम नसतो.

असे दोन स्ट्रट, दोन्ही बाजूंना, बिजागरीपासून पंचवीस सेंटिमीटरच्या परिणामी अंतरावर जोर देत असतील, तर ५०० न्यूटन-मीटरचा आधार मिळतो. उरतात ८८. म्हणजे कडेला फक्त साडेचार किलो. आता गादी काढा. उरलेले ४२ किलो ४१२ न्यूटन-मीटर मागतात, स्ट्रट देतात ५००, आणि रिकामा पलंग आपणहून वर उसळतो. म्हणून स्ट्रट सर्वांत शेवटी, गादी ठेवल्यावर बसवायचे.

गॅस तापला की दाब वाढतो. नागपुरात हिवाळ्यात खोली १५ अंशांवर आणि मे महिन्यात ४० अंशांवर गेली, तर स्ट्रटच्या जोरात सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. आपला पलंग कडेला थंडीत साडेपाच किलो आणि उन्हाळ्यात साडेतीन किलो भासेल. मिस्त्रीच्या कामात काही दोष नसतो.

फळी जाड घेतली की पलंग मजबूत होतो, हे अर्धसत्य आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १९ मिलिमीटरची फळी १२ मिलिमीटरच्या चौपट ताठ असते. पण वजनही दीडपटीहून जास्त वाढतं आणि स्ट्रट मोठे लागतात. बारा मिलिमीटरच्या फळीखाली आडव्या पट्ट्या दिल्या, तर ताठपणा मिळतो आणि वजन आटोक्यात राहतं.

खरी परीक्षा भिंतीची

पलंग पूर्ण उघडल्यावर झोपणाऱ्याचं बरंचसं वजन पायांवरून जमिनीवर जातं. धोका त्याआधीच्या काही सेकंदांत असतो. पाय टेकायच्या आत सत्तर किलोंचा माणूस कडेवर बसला, तर चाळीस सेंटिमीटर खोलीचं, ऐंशी किलोंचं कपाट पुढे कलू पाहतं, आणि वरच्या स्क्रूंवर मिळून नव्वदेक किलोंची ओढ येते. २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात एका कंपनीचे लाखाहून जास्त पलंग परत मागवले गेले. ते भिंतीपासून सुटून अंगावर पडण्याचा धोका होता. एका वृद्ध महिलेचा त्यात मृत्यू झाला होता.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत चांगला अँकर बोल्ट ही ओढ सहज पेलतो. नव्या इमारतींतले एएसी ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असतात. त्यांत नेहमीचा फिशर सैल होतो. तिथे केमिकल अँकर किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट हवा. जिप्समच्या पार्टिशनवर असा पलंग लावूच नये. बाथरूमच्या भिंतीत ड्रिल करण्याआधी नळ कुठून गेलेत ते पाहावं, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर वॉटरप्रूफ प्लाय वापरून मागे थोडी हवा खेळती ठेवावी.

काम ताब्यात घेताना पलंग अर्ध्यावर आणून हात हलका सोडावा. तो थांबला किंवा सावकाश खाली आला, तर तोल जमला. झपकन वर गेला किंवा धप्प बसला, तर स्ट्रट चुकले. गादीचं वजन दहा किलोंनी वाढलं की कडेवरचं ओझं पाच किलोंनी वाढतं, म्हणजे आपल्या पलंगात दुपटीहून जास्त. तेव्हा कपाटाच्या आतल्या बाजूला गादीचं वजन आणि स्ट्रटचे न्यूटन मार्करने लिहून ठेवावेत. काही वर्षांनी फोमऐवजी काथ्याची जड गादी आली, तर येणाऱ्या मिस्त्रीला अंदाजावर काम करावं लागणार नाही.