सर्व स्थानकांची फेरी आणि कल्याणपुढची लोकल

शहरातील मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला कमीत कमी वेळात भेट देण्याचे आव्हान जगातील अनेक शहरांत हौशी प्रवासी स्वतःहून स्वीकारत आले असून, लंडनच्या भुयारी रेल्वेवरील अशा विक्रमाची नोंद गिनीज बुकात १९६० च्या दशकापासून होत आहे. भारतात दिल्ली मेट्रोच्याच एका कर्मचाऱ्याने २०२१ मध्ये तेथील २५४ स्थानके १६ तास २ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा हा प्रकार आपल्याकडील वृत्तपत्रांतूनही चर्चिला गेला. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांत मात्र अशी फेरी मेट्रोने करण्याचा प्रश्न अजून उद्भवत नाही, कारण कांजूरमार्ग ते बदलापूर ही मेट्रो १४ अद्याप प्रस्तावाच्याच पातळीवर आहे. येथील माणसाची मेट्रो म्हणजे लोकल, आणि सर्व स्थानकांची फेरी तिच्यावर करू पाहणाऱ्याला ज्या अडचणी येतात त्या मेट्रोवरील अडचणींहून मुळातच निराळ्या आहेत.

'भेट' कशाला म्हणायचे, हा या उपक्रमातील पहिला प्रश्न होय. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर हौशी प्रवाशांनी याचे तीन वर्ग पाडले आहेत: पहिल्यात प्रत्येक मार्गावरून प्रवास होणे आवश्यक असते, दुसऱ्यात गाडी प्रत्येक स्थानकावर थांबली पाहिजे, तर तिसऱ्यात ती न थांबता स्थानकातून गेली तरी चालते. लंडनच्या विक्रमासाठी गाडी स्थानकावर थांबणे पुरेसे मानले जाते, प्रवाशाने फलाटावर उतरलेच पाहिजे असे बंधन नाही. एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकाकडे जाताना पायी चालण्याची किंवा सार्वजनिक वाहन वापरण्याची मुभा असते, परंतु खाजगी मोटार, टॅक्सी अथवा सायकल चालत नाही. आपल्याकडील शेअर रिक्षा यांपैकी कोणत्या प्रकारात बसवायची, याचा निवाडा लंडनच्या नियमकर्त्यांना कधी करावा लागला नसावा. मुंबईच्या लोकलवर दुसरा वर्ग स्वीकारला, तर कल्याणच्या अलीकडे फास्ट गाडीचा उपयोग जवळजवळ संपतो आणि बहुतेक प्रवास स्लो गाडीनेच करावा लागतो. कल्याणच्या पुढे मात्र लोकल सामान्यतः प्रत्येक स्थानकावर थांबत असल्याने हा भेद उरत नाही. तिकिटाची सोय त्या मानाने सोपी आहे, कारण उपनगरी रेल्वेच्या सर्व मार्गांवर एक, तीन किंवा पाच दिवस फिरता येईल असे टूरिस्ट तिकीट मिळते, तर नेहमीचा पास ठरावीक दोन स्थानकांपुरताच चालतो.

फेरीची आखणी ही वस्तुतः गणिताची एक जुनी समस्या आहे. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये क्योनिग्झबर्ग शहरातील सात पुलांच्या कोड्याचा विचार करताना असे दाखवले, की बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा जाळ्यातील प्रत्येक रेषेवरून एकदाच जायचे असेल, तर ज्या बिंदूंपाशी विषम संख्येने रेषा मिळतात असे बिंदू दोनाहून अधिक असता कामा नयेत. स्थानकांच्या फेरीत प्रत्येक रेषेवरून जाण्याची सक्ती नसली, तरी जेथे एकच रेषा येऊन संपते अशा टोकाच्या स्थानकांबाबत निष्कर्ष तोच राहतो: असे स्थानक प्रवासाचा आरंभ तरी असले पाहिजे, नाहीतर शेवट तरी, अन्यथा तेथे जाऊन त्याच वाटेने परत फिरण्याला पर्याय नसतो. मुंबईच्या उपनगरी जाळ्यात डहाणू रोड, कसारा, खोपोली, उरण ही अशी टोके आहेत. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हीदेखील टोकेच, परंतु त्या दोहोंमधले अंतर पायी सहज कापता येत असल्याने ती परस्परांना जोडलेली मानता येतात.

यांतील खोपोलीचे टोक सर्वांत अवघड होय. कल्याणहून आग्नेयेकडे जाणाऱ्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली अशी कल्याण सोडून १४ स्थानके लागतात, आणि मुंबईपासून दूर जावे तसतशा गाड्या विरळ होत जातात. इंडिकेटरवर 'ए' म्हणजे अंबरनाथ, 'बीएल' म्हणजे बदलापूर, 'एस' म्हणजे कर्जत आणि 'केपी' म्हणजे खोपोली, ही अक्षरे रोज वाचणाऱ्याला हा उतार वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण 'ए' गाडी पुढच्या बदलापूरकराच्या उपयोगाची नसते आणि 'केपी' हे अक्षर दिवसातून मोजक्याच वेळा उमटते. कर्जत ते खोपोली हा सुमारे १५ किलोमीटरचा मार्ग एकेरी आहे, म्हणजे जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ वापरावा लागतो. मेट्रोवर एक गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते; येथे चुकलेली गाडी दिवसाचे सगळे वेळापत्रक कोलमडवू शकते. म्हणून पहाटे खोपोलीहून निघावे आणि फेरी पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोडला संपवावी, ही योजना सर्वांत शहाणपणाची ठरते. कसाऱ्याला मात्र मग जाऊन परत यावेच लागते.

आज आडवाटेला वाटणारे हे टोक एके काळी मुख्य मार्गाचे शेवटचे स्थानक होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोचले. पुढचा बोरघाटातील रेल्वेमार्ग अजून बांधायचा होता. १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याने खोपोलीस उतरून घाट पालखीत किंवा तट्टावर बसून चढायचा आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरायची, अशी रीत होती. १८६३ मध्ये घाटातील रेल्वे पूर्ण झाली, पण ती पळसदरीहून वर चढत असल्यामुळे पायथ्याचे खोपोली बाजूला पडले आणि मूळचा मार्ग हा फाटा बनला. सर्व स्थानकांची फेरी करणाऱ्याला खोपोलीसाठी जो जादा वेळ खर्चावा लागतो, त्याचे कारण अशा रीतीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका अभियांत्रिकी निर्णयात आहे.

तीन शहरांच्या पट्ट्यातही स्थानकांची मांडणी काहीशी विषम आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच कॅम्प मात्र पत्त्यांत आजतागायत टिकून आहेत. हे शहर रेल्वेच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात वसलेले असल्याने त्याच्या एका अंगास कसारा फाट्यावरील शहाड, तर दुसऱ्या अंगास विठ्ठलवाडी व उल्हासनगर ही स्थानके येतात. नकाशा पाहून शहाडला उतरून शहर ओलांडावे आणि विठ्ठलवाडीला गाडी धरावी, असा मोह होतो, पण शहाडहून कल्याण एकाच स्थानकावर असल्यामुळे हा आडमार्ग बहुधा फायद्याचा ठरत नाही. पुढे अंबरनाथ मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटरवर, तर बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे, आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या अंतरात चिखलोली हे नवे स्थानक योजलेले आहे. नवे स्थानक सुरू झाले की जुनी फेरी अपुरी ठरते. लंडनमध्ये २०२१ साली दोन स्थानके वाढून संख्या २७२ झाली, तेव्हा तेथील विक्रमवीरांना नव्याने आखणी करावी लागली. ज्याला वेळेची घाई नाही, त्याने अंबरनाथला उतरून वालधुनी नदीकाठचे इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर अवश्य पाहावे, जरी त्यामुळे घड्याळाशी चाललेली स्पर्धा त्या दिवसापुरती सोडावी लागली तरी.

ऋतूचा विचारही करावा लागतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान अडकून पडली आणि तिच्यातील सुमारे १,०५० प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. त्यामुळे या फाट्यावरील फेरी पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात, आणि तीही गर्दी कमी असलेल्या रविवारी करणे इष्ट, मात्र त्या दिवशी देखभालीसाठी काही तास वाहतूक बंद ठेवणाऱ्या मेगाब्लॉकची सूचना आधी पाहून घेतलेली बरी. पनवेल ते कर्जत हा उपनगरी मार्ग उभारला जात असून तो सुरू झाल्यावर ठाणे, कल्याण, कर्जत, पनवेल असे वर्तुळ तयार होईल व कर्जतहून त्याच वाटेने परतण्याची गरज संपेल. खोपोलीचा फाटा मात्र त्या वर्तुळाबाहेरच राहणार असल्याने फेरीचा आरंभ कोठून करावा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही बदलण्याची शक्यता कमी आहे.