हिटलरच्या आधीचा हाहाकार

नंदुरबारात कोठेही इस्रायलचा विषय निघाला, मग ते वाचनालय असो की बसस्थानकासमोरची चहाची टपरी, एक वाक्य हटकून कानी पडते: ज्यूंचा छळ हिटलरने आरंभिला आणि तो झाला नसता तर इस्रायलही झाले नसते. साठ लक्ष निरपराध जीवांच्या संहाराची भीषणता तिळमात्र उणी न लेखता सांगतो, की हे विधान निखालस चूक आहे. आणि शिकलीसवरली माणसे ते छातीठोकपणे उच्चारतात, याचा मला संताप येतो.

1881 साली झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, त्याचे खापर ज्यूंवर फुटले, आणि रशियाच्या दक्षिण मुलखात त्यांची घरेदारे लुटण्याचे जे सत्र सुरू झाले, त्यालाच जग ‘पोग्रोम’ म्हणते. पुढल्याच वर्षी सरकारने, लुटारूंना जरब बसविण्याऐवजी, ज्यूंनाच खेड्यांत नव्याने वस्ती करण्याची मनाई फर्माविली. 1903 मध्ये रशियाच्याच अमलाखालील किशिनेव्हला अशाच पोग्रोममध्ये दोन दिवसांत 49 जीव गेले. 1914 पर्यंत सुमारे वीस लक्ष ज्यूंनी पूर्व युरोप सोडला. बहुतेक अमेरिकेस गेले, थोडे पॅलेस्टाइनला. तेल अवीव वसले ते 1909 साली, हिटलरच्या हाती सत्ता येण्याच्या 24 वर्षे आधी.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या खानदेशातला प्लेग आठवावा. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलून माणसे रानात झोपड्या घालीत. त्या रोगावरची लस शोधणारे हाफकिन ओडेसाचे ज्यू. पोग्रोमच्या दिवसांत ते ज्यूंच्या स्वसंरक्षण पथकात होते, त्यापायी कैदेत पडले, आणि धर्म सोडल्याखेरीज विद्यापीठात जागा मिळणार नाही असे दिसताच त्यांनी मायदेश सोडला. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत त्यांनी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससूनही निव्वळ व्यापाराच्या ओढीने आले नव्हते. बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या जुलमाने त्यांना घर सोडावे लागले.

कोकणातले बेने इस्रायल ज्यू मात्र छळामुळे इस्रायलला गेले, हे सपशेल खोटे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’ना येथे कोणी हुसकाविले नाही, 1948 नंतर ते आपखुशीने गेले, पण जे राष्ट्र त्यांना बोलावीत होते ते परमुलखांतील पळालेल्यांनी उभारलेले होते. तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढल्या, आणि संपूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळण्यास 1964 साल उजाडले. प्रेषित एलियाहू हनबीच्या नावाने गोड पोहे आणि ओले खोबरे घालून मलिदा करण्याची त्यांची कोकणी रीत तिकडेही चालू आहे.