छातीचा व्यायाम : दांडा आणि डंबेल्स



शरीर कमावण्याची गोष्ट आपल्या रत्नागिरीला नवी नाही. याच गावी १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी कॉलेजातले पहिले वर्ष व्यायामाला दिले आणि त्यापायी परीक्षेत नापास होणेही पत्करले. तालमीत तेव्हा छातीसाठी जोर होते. आज व्यायामशाळेत लोखंडी दांडा, म्हणजे बारबेल, आणि डंबेल्सही असतात. या दोहोंत चांगले कोणते, असे तरुण मंडळी विचारतात. आमचे उत्तर असे की, दोघांची कामे निराळी आहेत. ती ओळखून दोन्ही घ्यावीत.

आम्ही व्यायामशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांत वावरून आणि मिळेल ते वाचून झाले. पण बंदरावर टोपल्या वाहणारे, आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवणारे आमचे सोबती आहेत. त्यांची मजुरी खांद्यावर चालते. तो खांदा संध्याकाळी हौसेपायी दुखावला, तर दुसऱ्या दिवशी घरची चूल अडते. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

छातीचा मोठा स्नायू गळ्याच्या हाडापासून आणि छातीच्या मधल्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. पसरलेला हात छातीसमोर आणणे हे त्याचे मुख्य काम. बाकावर उताणे निजून दांडा वर रेटताना दोन्ही हात एकाच वजनाला लागतात. तोल सांभाळण्यात शक्ती कमी जाते, म्हणून वजन जास्त पेलते. पण हाताची पकड जागच्या जागी राहते, आणि दांडा छातीला टेकला की खाली जायला वाव उरत नाही. शिवाय उजवा हात डाव्याची उणीव काही अंशी झाकून नेतो. एकाच खांद्यावर ओझे वाहणाऱ्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे.

डंबेल्समध्ये ही झाकापाक नाही. ज्याचे वजन त्यानेच पेलायचे. दुबळा हात तेव्हाच उघडा पडतो. हात किंचित अधिक खाली जातात, वर एकमेकांजवळ येतात. मात्र तोल राखण्यात शक्ती खर्च होते, म्हणून दोन्हींची बेरीज दांड्यापेक्षा कमीच भरते. यात कमीपणा मानू नये. संघटनेतही एकत्र जोर लावावा लागतो, आणि प्रत्येकाला आपल्या पायावर उभेही राहावे लागते.

आता क्रम. आधी दहा-बारा सावकाश जोर काढून अंग तापवावे. मग ताज्या दमात दांडा घ्यावा : आठ-आठच्या तीन फेऱ्या. पुरुषांच्या स्पर्धेतला नुसता दांडाच २० किलोचा असतो, हे नवशिक्याने विसरू नये; प्रारंभ रिकाम्या दांड्याने करावा. त्यानंतर तिरप्या बाकावर डंबेल्स, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. याने छातीच्या वरच्या भागाला काम मिळते. दांड्यावर ४० किलो उचलणाऱ्याने म्हणून २०-२० ची जोडी घेऊ नये. १२-१२ ने आरंभ करावा आणि फेऱ्यांची संख्या दुबळ्या हाताच्या दमावर ठरवावी. शेवटी हलकी डंबेल्स घेऊन हात पसरावे व आवळावे, बारा-बाराच्या दोन फेऱ्या.

कोपरे खांद्याच्या रेषेत फाकवू नयेत, थोडी अंगाकडे असावीत. अंगठा दांड्याभोवती घट्ट असावा. वजन झटक्याने खाली सोडू नये. हा क्रम आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. आणि छातीइतकेच काम पाठीला द्यावे, नाहीतर खांदे पुढे ओढले जातात. दिवसभर ओझे वाहिले असेल त्या दिवशी वजन कमी करावे किंवा सुट्टी घ्यावी. खांद्यात टोचले तर तिथेच थांबावे.

शेवटी व्यायामशाळांच्या चालकांना एक विनंती. आरसा मागाहून आणा; आधी लहान वजनांच्या डंबेल्सच्या जोड्या आणा, आणि दांडा घेणाऱ्याच्या उशाशी एक जाणता माणूस उभा राहील असा नियम करा. एकट्याने भरलेला दांडा छातीवर अडकला, तर तो उचलायला दुसरे हातच लागतात.