ट्रकखालचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठला?

मंडळी, जुन्या फार्गोखाली ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिसला, की समजायचं तो नंतर कुणीतरी बसवलाय. आपल्याकडचे हे ट्रक हाताच्या गिअरचेच. त्यामुळं चॅसिस नंबर इथं कामाचा नाही. खाली शिरा आणि तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजा. 11 निघाले तर बहुधा फोर्डचा सी-4, 17 तर सी-6, 14 म्हणजे क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट. 13 आले की घोळ! जीएमच्या 350 आणि 400, दोघांनाही 13च. मग आकार बघा: 350चं पॅन चौकोनी, एक कोपरा छाटलेला, 400चं वेडंवाकडं. शिवाय किकडाऊनला 350ला केबल, 400ला वायर. बुश काय, शिवाजी उद्यमनगरात टर्न करून मिळेल. क्लच प्लेटांचं किट मात्र बाहेरून, नावानंच मागवावं लागतं. नाव पक्कं होईपर्यंत पैसे पाठवू नका राव.