चाकांचा मेकअप आणि ८० मायक्रॉन

सबमिशनच्या फायली सजवण्यात आपण सगळेच पटाईत! पण ट्रकची चाकं रंगवलीत का कधी? मी रंगवली, आणि मशिन डिझाईनच्या पुस्तकात जे कधी कळलं नव्हतं (खरं तर वाचलंच नव्हतं) ते शिकलो.

माझ्या मामाचा ट्रेलर आहे. कळंबोली ते न्हावा शेवा, कंटेनरची ने-आण. १९८९ साली बंदर सुरू झालं आणि आपल्या भागात ट्रेलरची वर्दळ वाढत गेली. पण खाडीची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला मानवत नाही. खडी लागून रंगाचा टवका उडतो, तिथून पाणी शिरतं आणि गंज रंगाखालून पसरत जातो. कारखान्यात चाकावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करतात, मग प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने थर बसवतात. तो साधारण २० मायक्रॉनचा, सगळीकडे सारखा आणि भट्टीत भाजून कडक झालेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दसऱ्याच्या आधी मामा म्हणाला, "खंडेनवमीला गाडीची पूजा आहे, चाकं चकाचक पाहिजेत." झालं! दोन दिवस खपून मी चाकांना आतून-बाहेरून सिल्व्हर फासला. एक कोपरा सोडला नाही. झेंडूचे हार घातल्यावर गाडी नवरीसारखी दिसत होती.

दिवाळीच्या तोंडावर ड्रायव्हरकाकांना मागच्या चाकाच्या नटांखाली तपकिरी ओघळ दिसले. पाना लावला, तर नट सहज फिरला. गॅरेजच्या मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "रंग कुठे कुठे मारलास रे?"

मी अभिमानाने सांगितलं, "सगळीकडे!"

"तेच चुकलं."

आता यामागचं गणित बघा. आपल्याला वाटतं, चाकाचं वजन स्टड पेलतात. खरं तर नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे होणारं घर्षण चाक जागेवर ठेवतं. २२ मिलिमीटरचा स्टड आणि ६०० न्यूटन-मीटर टॉर्क धरा. टॉर्क भागिले (०.२ गुणिले व्यास) या सूत्राने एका स्टडचा दाब येतो जवळपास १४ टन! पण स्टड ताणला जातो किती? आवळलेली जाडी ४० मिलिमीटर धरली, तर जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणजे ८० मायक्रॉन. सगळा खेळ एवढ्यावरच.

मागे जोडचाकं असतात, म्हणजे दोन डिस्कच्या मिळून चार बाजू. प्रत्येक बाजूला ब्रशचा ४० मायक्रॉनचा थर धरला, तरी मधे १६० मायक्रॉन मऊ रंग अडकला. गाडी धावली, ब्रेकने ड्रम तापला, रंग दबत गेला. त्यातला पाव भाग जरी दबला तरी ४० मायक्रॉन गेले, म्हणजे ताण निम्म्यावर! मग चाक हबवर सरकू लागतं, स्टडवर आडवा मार बसतो, एकेक स्टड तुटतो आणि एक दिवस चाकच निखळतं. शेजारून बाईकवर जाणारा तुमच्या-माझ्यातलाच कोणी असू शकतो.

मिस्त्रींनी सगळं माझ्याकडूनच पुन्हा करून घेतलं. ती पद्धत अशी :

१. दुसऱ्या चाकांना ठोकळे लावा. लॉक रिंगचं चाक असेल तर नट सैल करण्याआधी दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडा. रिंग उडाली तर जिवावर बेतते.

२. साबणाने धुवा, ग्रीस थिनरने पुसा, मग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज काढा.

३. आता, म्हणजे रंगाच्या आधी, चाक नीट तपासा. स्टडच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगवर तडा आहे का? भोकं लांबट झालीत का? असेल तर चाक भंगारात. वेल्डिंग करून वापरायचं नाही, आणि रंगाने झाकायचं तर मुळीच नाही.

४. डिस्कच्या दोन्ही बैठका आणि नट टेकतात ती जागा चिकटपट्टीने झाका. तिथला गंज फक्त घासून काढायचा, रंग नाही.

५. झिंक फॉस्फेट प्रायमरचा एक पातळ हात, त्यावर रंगाचे दोन. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. भर पावसाळ्यात हे काम काढू नका.

६. नट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

त्या दिवशी कळलं, की कुठे रंग लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे माहीत असणं महत्त्वाचं. मामाने रागावून एकही शब्द काढला नाही, पण टॉर्कचा पाना तेवढा माझ्याच हातात दिला. आजही ट्रेलर दारात आला की मी आधी नटांखाली ओघळ बघतो, मग मामीला चहा मागतो.

आणि हो, बोल्टच्या ताणावर व्हायव्हात प्रश्न आलाच, तर ही केटी नक्की टळेल!