मानेतला 'गॅप' आणि पायातली चप्पल

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी घटकाभर बसलं की हे वाक्य कधीतरी कानावर पडतंच : "मानंत गॅप आलाय, डॉक्टरनी सांगिटलंय." ऐकणाऱ्याला वाटतं, मणके एकमेकांपासून लांब गेले. घडतं ते नेमकं उलटं. मानेत 7 मणके. वरच्या दोघांचा सांधा सोडला, तर बाकीच्यांच्या मधे मऊ चकत्या असतात. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि मणके जवळ येतात. डॉक्टर म्हणतात 'गॅप कमी झालाय'; घरी पोचेपर्यंत त्यातला 'कमी' गळून पडतो.

दुसरा घोळ 'नस दबली' या शब्दांचा. नस म्हटली की रक्ताची शीर आठवते, म्हणून कुणी ती तेलानं चोळून मोकळी करायला बसतं. दबतो तो मज्जातंतू. त्यांच्या 8 जोड्या मानेतून निघतात, त्यांतल्या खालच्या हाडांमधल्या छिद्रांतून हातांकडे उतरतात. तिथवर चोळणाऱ्याचं बोट पोचत नाही. सहावा दबला तर अंगठ्याकडे मुंग्या येतात, सातवा दबला तर मधल्या बोटात, आठवा दबला तर करंगळीत. म्हणून जाणता डॉक्टर फिल्म बघण्याआधी विचारतो, "कुठलं बोट?" रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर दोष बहुधा मनगटात असतो. कुशीवर वळताना घर गरगरलं, तर बहुतेक वेळा कानात. मानेचा पट्टा दोन्हींत निरुपयोगी.

पन्नाशी उलटलेल्या, मान कधीच न दुखलेल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी बहुतेकांच्या अहवालात चकती झिजल्याची नोंद येते. त्यामुळे नुसत्या अहवालावरून ऑपरेशन ठरत नाही. हातात उतरणारी कळ बऱ्याच जणांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत औषधं आणि व्यायामानं ओसरते. पट्टा महिनोन्‌महिने लावला, तर मानेचे स्नायू उलट ढिले पडतात.

पैलवानाच्या मानेला काय होतंय, ही खास आपल्याकडची समजूत. 1912 साली बांधलेलं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथे ती खोडणं अवघडच! पण मान कितीही जाड झाली, तरी मज्जातंतूचं छिद्र रुंदावत नाही. डावात मान एका अंगाला ओढली गेली की एका हातातून वीज गेल्यासारखी कळ जाते, मिनिटभरात थांबते, गडी पुन्हा उभा राहतो. दोन्ही हातांत एकदम कळ आली किंवा हात लुळा पडला, तर मात्र कुस्ती तिथेच थांबवायची. मान न हलवता दवाखाना गाठायचा. सलूनमधला मान मोडण्याचा झटकाही मला मुळीच पसंत नाही. त्यानं मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत.

सगळ्यात फसवी ती न दुखणारी मान. मज्जारज्जूच दबला, तर मानेत कळ असेलच असं नाही. शर्टाचं बटण लागत नाही, सुटे पैसे मोजताना बोटं अडखळतात, चाल लटपटते, लघवीवरचा ताबा सुटतो. पायातली कोल्हापुरी मागेच राहते आणि मागून कुणी हाक मारेपर्यंत पत्ता नसतो. असं झालं, तर थांबायचं नाही. ऑपरेशननं पुढचं नुकसान रोखता येतं, गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

चप्पल मधुमेहातही अशीच निसटते. म्हणून डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून बघतात. मधुमेहात मज्जातंतू बिघडले असतील, तर पायाची उसळी मंदावते. मानेत मज्जारज्जू दबला असेल, तर तोच पाय ताडकन उडतो.