एका अर्धविरामाने उघडलेलं दार

एन्नोरच्या कामराजर बंदरात शिरायचं तर फाटकावर पास तपासला जातो. तसंच, मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, हे ओळख-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणूनच ओरॅकलच्या ‘आयडेंटिटी मॅनेजर’मध्ये २०२५ साली सापडलेली चूक मला फार गंभीर वाटते. विनंतीच्या पत्त्याच्या शेवटी अर्धविराम, टिंब आणि ‘डब्ल्यूएडीएल’ ही अक्षरं जोडली, की लॉगिन न विचारताच ती विनंती आत जाई. अशा पत्त्यांना तपासणीतून सूटच होती! आत ग्रूव्ही या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टचं नुसतं व्याकरण तपासणारी सोय होती, पण त्या तपासणीदरम्यानच हल्लेखोराला आपला कोड चालवता येई. तीव्रता १० पैकी ९.८. ओरॅकलने ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती दिली. १२.२.१.४.० किंवा १४.१.२.१.० आवृत्ती वापरणाऱ्यांनी ती बसवावीच, शिवाय जुने लॉगही चाळावेत.